डॅनेब्रोगचे खरे वय

स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो. आजही फडकणारा जगातील सर्वांत जुना राष्ट्रध्वज कोणता? उत्तर डेन्मार्कचा. लाल पटावर पांढरा क्रूस, नाव डॅनेब्रोग. पुष्कळदा पुढे सालही दिलेले असते, १२१९. माझे म्हणणे असे की उत्तर बरोबर आहे, पण साल चूक आहे. आणि हे साल एकदा खोडले की उत्तर बरोबर ठरण्याचे कारणही वेगळे शोधावे लागते.

आधी कथा ऐकू. १५ जून १२१९. आजच्या टॅलिनपाशी, लिंडॅनिस येथे डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार एस्टोनियन लोकांशी लढत आहे. आर्चबिशप आन्डेर्स सुनेसन टेकडीवर हात उंचावून प्रार्थना करतो आहे. हात वर असेपर्यंत डेनिश सैन्याची सरशी होते, हात थकून खाली आले की पीछेहाट. अखेर आकाशातून लाल-पांढरा ध्वज खाली येतो आणि लढाईचे पारडे फिरते. उंचावलेले हात आणि पालटणारी लढाई ही कल्पना बायबलातल्या मोझेसच्या गोष्टीतून जशीच्या तशी उचललेली आहे, हे ख्रिस्ती वाचकाला सांगावे लागत नाही. हा प्रसंग आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो लोरेन्ट्सन या चित्रकाराच्या चित्रामुळे, आणि ते चित्र आहे १८०९ चे.

या लढाईचा समकालीन वृत्तांत आपल्याकडे आहे. लिव्होनियाचा हेन्री नावाच्या पाद्र्याने तो लिहून ठेवला. त्यात बारीकसारीक तपशील आहेत. एस्टोनियन सरदार आधी गोड बोलून तहाला आले, राजाने त्यांना भेटी देऊन परत पाठवले आणि तीन दिवसांनी संध्याकाळच्या वेळी ते पाच बाजूंनी छावणीवर तुटून पडले. हाच राजाचा तंबू असे समजून ते बिशप थिओडोरिकच्या तंबूत घुसले आणि त्यांनी बिशपालाच ठार केले. डेनिश सैन्य पळत सुटले असता समुद्राकडच्या उतरणीवर उभ्या असलेल्या स्लाव्ह सरदाराच्या तुकडीने हल्ला परतवला आणि दिवस वाचवला. चुकून मारलेल्या बिशपाचा तंबूसुद्धा हेन्रीच्या नजरेतून सुटत नाही. आकाशातून पडलेल्या ध्वजाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

यावर कथेचे कैवारी म्हणतात की हेन्री रीगाच्या बिशपाच्या गोटातला होता. डेनिशांचे आणि रीगाकरांचे वाकडे होते, तेव्हा डेनिशांवर झालेली ईश्वरी कृपा तो कशाला नोंदवील? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण मग खुद्द डेनिश बखरकारांचे काय? त्यांना कोणी अडवले होते? पुढची जवळजवळ तीन शतके तेही गप्प आहेत. ही कथा पहिल्यांदा कागदावर येते ती १५२० च्या दशकात, क्रिस्तियर्न पेडर्सन आणि पेत्रुस ओलाई यांच्या लेखनात. त्यातही ओलाई हा प्रसंग १२०८ चा सांगतो आणि ठिकाण फेलिन देतो. लिंडॅनिस आणि १२१९ यांच्याशी सांगड घातली गेली ती नंतर. ज्या चमत्काराला जागा आणि साल यांची अदलाबदल चालते, त्याची कुंडली मांडण्यात अर्थ नाही.

कथा नेमकी याच वेळी का रचली गेली, याला माझे उत्तर असे. १५०० साली राजा हान्स डिथमार्शेनच्या शेतकऱ्यांवर चालून गेला. शेतकऱ्यांनी बांध फोडून रान पाण्याखाली घातले आणि हेमिंगस्टेटला राजाच्या फौजेचा धुव्वा उडाला. त्या धांदलीत राजध्वज शत्रूच्या हाती पडला. तो १५५९ मध्ये दुसऱ्या फ्रेडरिकने परत मिळवला. पुढे तो श्लेसविगच्या कॅथेड्रलमध्ये टांगला होता आणि सतराव्या शतकात तिथेच नाहीसा झाला. हा गेलेला ध्वज म्हणजेच आकाशातून पडलेला मूळ ध्वज, असे ओलाई सांगतो. शेतकऱ्यांकडून मार खाल्लेले घराणे, आणि १५२३ मध्ये स्वीडन बाहेर पडल्याने मोडलेला काल्मार संघ. अशा काळात हरवलेल्या कापडाला दिव्य जन्म मिळाला तर नवल नाही. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे आपण म्हणतो. ध्वजाचे मात्र शोधावे, कारण तिथे कूळ सांगणारा बहुधा ऋषी नसतो, हरलेला राजा असतो.

कथा खोटी म्हटली की दुसऱ्या टोकाचे लोक टाळ्या पिटू लागतात. त्यांचा पक्ष असा की राष्ट्रध्वज ही चीज मुळातच एकोणिसाव्या शतकाची. त्याआधी होती ती राजांची निशाणे आणि जहाजांची ओळखचिन्हे. तेव्हा सर्वांत जुना राष्ट्रध्वज कोणता, हा वादच निरर्थक. यात निम्मे सत्य आहे, आणि उरलेला निम्मा भाग आळस आहे.

ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात गेल्र्‌चे चिन्हपुस्तक आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका भाटाने, म्हणजे दरबारी चिन्हे ओळखणे आणि नोंदवणे हा ज्याचा पेशा, त्याने युरोपातल्या राजांची आणि सरदारांची चिन्हे त्यात रंगवली. डेन्मार्कच्या पानावर तीन सिंहांची ढाल आहे, आणि तिच्या जोडीला लाल निशाण, त्यावर पांढरा क्रूस. राजा आहे चौथा वाल्देमार, १३७५ मध्ये वारला तो. एका परक्या माणसाला डेन्मार्कचा राजा ओळखायचा तर हे निशाण जोडावेसे वाटले, म्हणजे ते तोवर रुळलेले होते. १४२७ मध्ये ल्युबेकच्या व्यापाऱ्यांनी डेनिश जहाजावरून काबीज केलेला एक मोठा ध्वज त्या शहराच्या मेरी चर्चमध्ये पाच शतके लटकत होता. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. हे पुरावे आकाशातले नाहीत, कागदावरचे आणि कापडाचे आहेत. एकोणिसाव्या शतकाला तो ध्वज आयता सापडला, त्याने तो घडवला नाही.

लाल-पांढऱ्या क्रूसाचा मान एकट्या डेन्मार्कचा नव्हे, हेही खरे. पवित्र रोमन साम्राज्याच्या युद्धनिशाणावर तो होता, सव्हॉयच्या घराण्यापाशी होता. टॅलिनच्या लहान नगरचिन्हातही तोच आहे, आणि तो बहुधा डेनिशांचाच वारसा. धर्मयुद्धाच्या काळात क्रूस हा बाजारात सगळीकडे मिळणारा शिक्का होता. डेन्मार्कचे वेगळेपण चिन्ह शोधण्यात नाही. ते न सोडण्यात आहे.

तिसरा पक्ष कायदेपंडितांचा. ते म्हणतात, कायद्याने कधी स्वीकारला तेवढेच बोला. यांना जपान दाखवावा. सूर्यबिंबाचा ध्वज व्यापारी जहाजांसाठी १८७० च्या फर्मानाने ठरला, पण राष्ट्रध्वज म्हणून कायदा झाला तो ऑगस्ट १९९९ मध्ये. मग मधल्या सव्वाशे वर्षांत, दोन महायुद्धांत आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये फडकला तो काय होता? नेदरलँड्सचे तिरंगी निशाण सोळाव्या शतकापासून समुद्रावर आहे, आणि रंग लाल, पांढरा, निळा हे सांगणारे राजाज्ञेचे एक वाक्य निघाले १९ फेब्रुवारी १९३७ ला. कायदा ध्वजाच्या मागून चालत येतो. त्याच्या तारखेवरून ध्वजाचे वय काढणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे.

आता माझा पक्ष. ध्वजाचे वय वापराच्या अखंडतेवरून मोजावे, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला हे त्याबरोबर पाहावे. या कसोटीवर ऑस्ट्रिया मागे पडतो. तिथल्या कथेत ड्यूक लिओपोल्डचा रक्ताने माखलेला अंगरखा आहे, ११९१ चा एकर शहराचा वेढा आहे. १२३० च्या मोहरेवर ते चिन्ह दिसते, हा पुरावाही उत्तम. पण हाब्सबुर्गांच्या राज्यात काळा-पिवळा रंग वरचढ झाला, आणि १९३८ ते १९४५ या काळात तर ऑस्ट्रियाच उरला नव्हता. डच ध्वजाला १८१० ते १८१३ चा फ्रेंच खंड आहे. ब्रिटनचे संयुक्त निशाण १६०६ चे, पण आजचे रूप १८०१ चे. डेन्मार्कने प्रदेश गमावले, नॉर्वे गमावला, पण राज्य आणि निशाण यांची गाठ कधी सुटली नाही.

या अखंडतेतला मोठा काळ ध्वजाने राजवाड्यावर नाही, जहाजांवर आणि व्यापारी ठाण्यांवर काढला. त्यातले एक ठाणे मराठी वाचकाच्या ओळखीच्या मुलखात आहे. कावेरीच्या तोंडाशी तरंगमबाडीला डेनिशांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून जागा घेतली आणि डान्सबोर्ग किल्ला बांधला. १६७० च्या दशकात तंजावर व्यंकोजीराजांकडे आले. मग डॅनेब्रोगखालचे व्यापारी मराठा राजांना नजराणा देऊ लागले. ज्या श्वार्ट्झ पाद्र्याने पुढे सरफोजीराजांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले, तोही १७५० साली उतरला तो याच ठाण्यावर. इंग्रजांनी १८०८ पासून काही वर्षे ठाणे बळकावले ते सोडले, तर १८४५ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला विकेपर्यंत तिथे हाच ध्वज होता. १७४८ मध्ये डेनिश राजाने व्यापारी जहाजांच्या ध्वजाचा आकार ठरवून दिला तो चौकोनी, दोन टोकांत फाटलेला राजाचा ध्वज निराळा. आज सामान्य डेनिश माणूस लावतो तो व्यापाऱ्यांचा चौकोनी ध्वज, राजाचा नव्हे.

इथेच मुद्दा कळीचा होतो. १८३४ मध्ये सहाव्या फ्रेडरिकने फर्मान काढले की परवानगीशिवाय खासगी माणसाने जमिनीवर ध्वज लावू नये. म्हणजे सहाशे वर्षांचा म्हणवणारा ध्वज स्वतःच्या देशात प्रजेला मना होता. मग १८४८ चे श्लेसविगचे युद्ध आले. शिपाई परत येऊ लागले तेव्हा कोपनहेगनच्या रस्त्यांवर लोकांनी ध्वजांची आरास केली, आणि फर्मान कागदावरच राहिले. १८५४ मध्ये बंदी उठवावी लागली. राज्याने उदार होऊन हक्क दिला असे कोणी लिहिले तर ते खरे मानू नये. लोकांनी तो आधीच घेतला होता.

दहा वर्षांनी, १८ एप्रिल १८६४ ला, डिब्बोलला डेन्मार्क प्रशियाकडून हरला आणि श्लेसविग गेले. तिथे डॅनेब्रोग लावणे गुन्हा ठरले. पन्नासहून अधिक वर्षे उत्तर श्लेसविगच्या घरांत ध्वज पेटाऱ्यात दडवून ठेवलेले होते. १० फेब्रुवारी १९२० च्या सार्वमतात त्या भागाने जवळपास तीन-चतुर्थांश मतांनी डेन्मार्क निवडले, आणि जुलैत दहावा क्रिस्तियान पांढऱ्या घोड्यावर बसून जुनी सीमा ओलांडून आला तेव्हा ते पेटाऱ्यातले ध्वज बाहेर निघाले. एखाद्या ध्वजाला राज्याने पोसले नाही, उलट मनाई केली, तरी तो टिकतो, याहून त्याच्या राष्ट्रीयत्वाची मोठी परीक्षा मला ठाऊक नाही. लिंडॅनिसची कथा एवढी ताकद कधीच देऊ शकली नसती.

आज डेनिश घरात वाढदिवसाला टेबलावर छोटा ध्वज उभा करतात, केकमध्ये खोचतात, नाताळच्या झाडावर कागदी ध्वजांची माळ लावतात, विमानतळावर नातेवाइकांना न्यायला येताना हातात घेतात. आपल्याकडे ध्वज म्हटले की आधी कलम आठवते. नागरिकाला वर्षभर तिरंगा लावण्याची मुभा २००२ च्या ध्वजसंहितेने मिळाली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंचावन्नाहून अधिक वर्षांनी. तिरंग्याच्या रंगांतला केक कापला म्हणून लोकांवर खटला झाला, तो २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केला. डेनिशांचा ध्वज आपल्याहून हलका नाही. तो जास्त हातांत असतो, इतकेच.

कथेचे कैवारी विचारतील की १५ जूनचा वाल्देमारदिन काय करायचा. १५ जून २०१९ ला राणी मार्गरेट टॅलिनला गेली आणि आठशे वर्षांचा सोहळा झाला, तो काय ढोंग होता? नव्हता. ज्या एस्टोनियन लोकांवर ती चढाई झाली त्यांच्याच राजधानीत राजाच्या नावाची बाग आहे, आणि उत्सव साजरा करायला खऱ्या इतिहासाची गरज नसते. फक्त तो सोहळा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात साल म्हणून छापू नये. तिथे छापायचे असेल तर चौदावे शतक छापावे, आणि राष्ट्राचा ध्वज झाल्याचे साल म्हणून १८५४.

ध्वज लोकांच्या हातातला असतो, हे डेन्मार्कचे स्वतःचे राज्यकर्तेही विसरू लागले आहेत. १९१५ चा एक जुना नियम परदेशी ध्वज लावायला मना करत असे. एका नागरिकाने अमेरिकेचा ध्वज लावला, त्याच्यावर खटला झाला, आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या बंदीला कायद्याचा आधारच नाही. त्यावर संसदेने नवा कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून डेन्मार्कमध्ये स्वतःच्या अंगणातल्या खांबावर परदेशी ध्वज लावायला बंदी आहे. फेरो बेटे, ग्रीनलंड, नॉर्डिक देश आणि जर्मनी यांचे ध्वज त्यातून वगळले आहेत. सहाव्या फ्रेडरिकने १८३४ मध्ये अंगणातल्या ध्वजाला घातलेली परवानगीची अट वीस वर्षांत लोकांनी मोडीत काढली होती. २०२५ चा कायदा त्याच जातीचा आहे, आणि माझ्या मते तोही चुकीचा आहे.