दुखणं सांध्यांचं, धोका डोळ्यांनाही



आरोग्याच्या बैठकीत ‘काय होतंय?’ असं विचारलं की कंबर, गुडघे, अंगावरून जाणं, अशी यादी निघते. डोळ्यांचं आपणहून कुणी काढत नाही. उमरगा-तुळजापूरकडच्या बायकांत बसले की मी मुद्दाम विचारते. मग एकेक जण सांगू लागते: डोळ्यांत वाळू गेल्यागत टोचतं, चुलीपुढं बसवत नाही, उजेड सोसत नाही. ‘डोळे आले असतील’ म्हणून दुकानातून थेंब आणून घातलेले असतात. सकाळी जिची बोटं आखडतात, तासभर मूठ मिटत नाही, तिच्या हातांचं आणि डोळ्यांचं दुखणं एकच असू शकतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आमवात नुसता सांध्यांचा आजार नाही. शरीराची संरक्षक शक्तीच उलटते, सांध्यांच्या अस्तराला सूज आणते. अश्रू आटणं तर त्यात नेहमीचंच. क्वचित ती सूज डोळ्याच्या पांढऱ्या भागात खोल उतरते, ठणक्यानं झोप लागत नाही, आणि उपचाराला उशीर झाला तर नजर जाऊ शकते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट अधिक. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू केली. तीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला. म्हणजे हा काही दुर्मीळ रोग नव्हे.

उपचारातही डोळ्यांना धोका आहे. ‘वाताची सुई’ घेतली, गोळ्या खाल्ल्या की बाई उठून कामाला लागते. ऊसतोडीला जायचं असेल तर तिला तेच हवं असतं, मी तिला दोष देणार नाही. पण त्यात स्टेरॉइड असेल आणि ते महिनोन्‌महिने चाललं, तर मोतीबिंदू लवकर येतो. डोळ्यातला दाब वाढतो तो तर कळतही नाही. मात्र ते एकदम बंद करणंही घातक! हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे चांगलं औषध. ते सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात डोळ्याचा पडदा तपासायचा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. किती जणींच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं असतं?

लहान मुलींचं आणखी अवघड. सांधे सुजलेल्या मुलीच्या डोळ्यात आतून सूज असू शकते, तरी डोळा लाल होत नाही, दुखत नाही. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी खास यंत्रानं पाहिलं तरच ती सापडते.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला. तो हवाच. पण शिबिरात ‘मोतीबिंदू नाही’ म्हणून परत पाठवलेल्या बाईला ‘सांधे दुखतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढं तरी विचारायला नको का? धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमवाताच्या प्रत्येक रुग्णाची नेत्रविभागात तपासणी व्हावी, तिच्या कार्डावर पुढची तारीख पडावी, असं निवेदन तालुक्या-तालुक्यातल्या गटांनी द्यावं. सोबत आपापल्या गावच्या बायकांच्या गोळ्यांची नावं लिहून जोडा.