खेळ, मुले आणि नफा

व्हिडिओ खेळांमुळे मुले हिंसक बनतात, अशी ओरड झाली की शासनाचा बडगा प्रथम खेळणाऱ्यांवरच उगारला जातो. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी मोबाईलवर ‘पब्जी’ खेळल्याबद्दल दहा तरुणांना अटक केली. त्याआधी २०१७ मध्ये मुलांच्या काही आत्महत्यांनंतर ‘ब्लू व्हेल’विरुद्ध देशभर गहजब झाला; पुढे एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, हे केंद्र सरकारलाच संसदेत सांगावे लागले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष बोलका आहे. हिंसक खेळांचा संबंध आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी अल्प प्रमाणात दिसतो; प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने पब्जीवर बंदी घातली, तीही मुलांसाठी नव्हे, देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. जुलै २०२१ मध्ये कोरियन कंपनीने जवळजवळ तोच खेळ नवे नाव लावून पुन्हा बाजारात आणला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी तिने ‘मर्यादा’ही ठरवल्या : दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च! कित्येक शेतमजुरांच्या घरात महिनाभरातही एवढी रोकड येत नाही. मुलांचे वर्तन बिघडल्याची चिंता वाहणाऱ्या सरकारने या आकड्याचा जाब कंपनीला विचारला पाहिजे. अल्पवयीनांकडून खेळात होणारी खरेदी पूर्णपणे बंद करावी आणि कामगार वस्त्यांतील गिळंकृत झालेली मैदाने मुलांना परत द्यावीत, ही मागणी युवक व महिला संघटनांनी आता नगरपालिकांच्या दारात नेली पाहिजे.