दाढेत काय भरलं, तेवढं विचारून घ्या

दाढ भरून झाली की खुर्चीतून उतरताना बहुतेक माणसं एकच विचारतात, "किती झाले?" पैशाचं विचारावंच. पण अंजूर, भरोडी, अलिमघर, माणकोली या पट्ट्यातल्या मंडळींना आम्हा दातांच्या डॉक्टरांचं सांगणं आहे की त्याच दमात आणखी एक विचारा, दाढेत भरलंय काय? पुढचा दिवस कसं खायचं, परत कधी यायचं, हे त्या उत्तरावर ठरतं.

आपल्याकडे जिला चांदी म्हणतात ती नुसती चांदी नसते. चांदी, कथिल आणि तांब्याची भुकटी पाऱ्यात घोटून ती करतात. वजनाने जवळजवळ निम्मा पाराच असतो. ती दाताला चिकटत नाही, खाच कोरून अडकवावी लागते. मात्र चावायला दणकट, आणि तोंडातला ओलावा इतरांपेक्षा बरा सोसते. पूर्ण ताकद यायला एक दिवस जातो, तेवढा दिवस त्या बाजूने चावू नका. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं, की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना अगदीच गरज असल्याशिवाय चांदी भरू नये. तेव्हा घरात असं कोणी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पण जुनी चांदी शाबूत असेल तर मोबाइलवरचे मेसेज वाचून ती उकरून काढायला जाऊ नका. पाऱ्याची वाफ उकरतानाच जास्त निघते.

सिमेंटमध्ये दोन प्रकार नेहमीचे. लवंगेचा वास मारतं ते तात्पुरतं. त्याने ठणका शमतो, आणि घोळ इथेच होतो. दुखायचं थांबलं म्हणून माणूस फिरकतच नाही. ते सिमेंट झिजतं, कडेने लाळ आत शिरते आणि कीड आतल्या आत नसेपर्यंत पोचते. दिलेल्या तारखेला या, गोडाऊनची पाळी असली तरी या. मधेच डॉक्टर बदलला तर आधी लवंगवालं सिमेंट भरलं होतं हे नव्या डॉक्टरला सांगा, कारण त्या तेलाचा अंश राहिला तर वरचं लाइटवालं, म्हणजे निळ्या लाइटने पक्कं करतात ते, फिलिंग नीट घट्ट होत नाही. (घरी लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून बसणाऱ्यांच्या हिरड्या भाजलेल्या आम्ही पाहतो, तेही टाळा.) दुसरं सिमेंट ग्लास आयनोमरचं. ते दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइड सोडत राहतं, पण सुरुवातीला पाणी लागलं तर बिघडतं. म्हणून वर व्हॅसलीन किंवा व्हॉर्निश लावतात. ते जिभेने चाटून काढू नका.

लाइटवाल्या फिलिंगला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर कोरडेपणा. थुंकीचा एक थेंब मधे आला की चिकटणं गेलं. म्हणून कापूस, नळी, कधी रबराचा पडदा. मसाला साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थराने भरतात आणि प्रत्येक थरावर निळा लाइट धरतात, कारण उजेड खोलवर पोचत नाही. डॉक्टर उगाच वेळ काढतोय असं वाटून घाई करायला लावू नका. शेवटी निळा कागद चावायला देतात तेव्हा भिडेखातर "बरं आहे" म्हणू नका. दाढ बधिर असताना नीट कळतही नाही. घरी गेल्यावर ती दाढ आधी टेकतेय असं जाणवलं तर दुसऱ्याच दिवशी या. सवय होईल म्हणून बसलात तर दाढ ठणकायला लागेल.

आता माप. कवळीसाठी किंवा वेड्यावाकड्या दातांसाठी जी गुलाबी-पांढरी भुकटी पाण्यात कालवतात ती आल्जिनेट, समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढलेली. रबराच्या वाटीत मोजून पाणी, मोजून भुकटी, आणि कडेला दाबून मिनिटभर जोरात घोटायचं. मे महिन्यात गार पाणी घेतलं नाही तर तोंडात जाण्याआधीच ती घट्ट व्हायला लागते. तुम्ही भरल्या पोटी येऊ नका. उलटीसारखं झालं तर मान पुढे करा, नाकाने श्वास घ्या. माप बाहेर आलं की धुऊन, औषध मारून लगेच प्लास्टर ओतायचं. उघडं ठेवलं तर ते सुकून आकसतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं. त्यामुळे आल्जिनेटचं माप तसंच ठाण्याच्या लॅबला निघालं आणि कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं, तर कवळी सैल होणारच. प्लास्टर इथेच ओतता का, हे जरूर विचारा. कॅपसाठीचं सिलिकॉनचं माप मात्र बराच काळ टिकतं.

गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या पोरांनाही एक विनंती. औषधांसारखा दातांचा मालही उन्हाने मरतो. वळ, दापोडा, माणकोलीत पत्र्याच्या छपराखाली असा खोका आला आणि त्यावर थंड, कोरड्या जागी ठेवा असं छापलेलं असेल, तर तो छपराला टेकलेल्या वरच्या थप्पीत टाकू नका. उष्णतेने आल्जिनेट निकामी होतं. खोक्याकडे बघून काही कळत नाही, कळतं ते पेशंटच्या तोंडात.

रस्त्यावर बसून तासाभरात "फिक्स" दात लावून देणाऱ्यांकडे मात्र बिलकूल जाऊ नका. ते मापबीप घेत नाहीत. कच्चं अॅक्रिलिक थेट हिरडीवर थापतात, घट्ट होताना ते तापतं, आणि शेजारच्या चांगल्या दातांना ते कायमचं जखडतं. खाली अन्न कुजतं, हिरडी सुजते, आधाराचे दातही हलतात. कायद्याप्रमाणे दातांवर इलाज करायला नोंदणी लागते. भिंतीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं प्रमाणपत्र बघा. असे दात आधीच लावून घेतले असतील तर लाजू नका, घरी पक्कडही लावू नका. येऊन कापून घ्या. खिसा रिकामा असेल तर भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा.