वाद्यसंगीत मुके नाही

संपादक महाशय यांस,


शब्दांवाचून सूर कोणतेही चित्र उभे करीत नाहीत, दिसते ते केवळ श्रोत्याच्या लहरीचे, हा आपल्या गतांकातील लेखकाचा निवाडा मला अमान्य आहे. उदाहरणादाखल त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची ध्वनिमुद्रिका काश्मिरी लोकधुनांची म्हणून पुढे केली, हे वस्तुस्थितीस धरून नाही. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांनी संतूर, बासरी आणि गिटार यांवर तीत अहिरभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी हे राग वाजविले असून, मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून त्याच क्रमाने उलगडत जातो. नायक मेंढपाळ आहे हे शब्दांनी सांगावे लागले, एवढे कबूल. पहाट मात्र अहिरभैरवानेच आणली.

अशी चित्रे केवळ सुशिक्षित रसिकांनाच दिसतात, हे त्यांचे विधान तर आमच्या मुलखावर अन्याय करणारे आहे. याच अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या होळीत रात्रभर ढोल घुमतात, आणि त्यांची चाल बदलताच नाचणाऱ्यांची पावले, कोणी एक शब्दही न उच्चारता, बदलतात.

लेखकमहाशयांनी येत्या होळीस काठीस यावे, पहाटेपर्यंत ऐकावे आणि मगच पुढील लेख लिहावा.

आपला,
एक वाचक
खापर, जि. नंदुरबार