शपथ घेतली, पुढे काय?

२६ जून हा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. त्या दिवशी शाळांच्या फेऱ्या निघतात, फलक रंगवले जातात, मुलं शपथ घेतात. शपथ चांगलीच, पण माझ्या मते ती पुरत नाही. आपल्या घरांत सप्तव्यसनांच्या त्यागाबद्दल मुलं लहानपणापासून ऐकतात. काय करायचं नाही हे त्यांना पाठ असतं. मित्रांच्या घोळक्यात ते निभवायचं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही.

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहायला सांगत. तो देशभर पसरला. पण पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक फारसा दिसला नाही. नुसतं सांगून भागत नाही ते असं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत निर्णय घेणं आणि समस्या सोडवणं ही दोन आहेत. शाळेत शिकवायला हवीत ती हीच.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला ही रीत हिशेबाच्या वहीसारखी वाटते. आधी नेमकी अडचण लिहायची. मग सुचतील तेवढे उपाय. प्रत्येकापुढे फायदा-तोटा. त्यातला एक करून बघायचा आणि शेवटी ताळा घ्यायचा. जमलं नाही, तर पुढचा उपाय.

समजा, नववीतल्या मुलाला क्लासजवळच्या टपरीवर मित्र म्हणाले, "एक झुरका मार, काही होत नाही." त्याची खरी अडचण सिगारेट नाही. 'नको म्हटलं तर हे मला एकटं पाडतील' ही भीती आहे. ती कागदावर आली की उपाय सुचतात: हसून विषय बदलणं, सरळ 'नको' म्हणणं, न ओढणाऱ्या एखाद्या मित्राची सोबत धरणं, घरी सांगणं. पण घरी सांगितल्यावर ओरडाच बसणार असेल, तर तो शेवटचा उपाय मुलगा आधीच खोडून टाकेल.

ज्याला सवय लागलीच आहे, त्याला वही पुरणार नाही, उपचारच हवेत. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून ते काम करत आहे. बाकीच्या मुलांकडून मात्र गणितासारखा हा सराव पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवा. शाळेने आठवड्याचा एक तास द्यावा. आणि आपण आयांनी रागावण्याआधी पुरतं ऐकून घ्यावं.