गुन्हा दाखल असला तर आमदारकी चालते, वॉचमनकी चालत नाही!

राजेहो, एक सरळ प्रश्न विचारतो. ज्याच्यावर चार-दोन गुन्हे दाखल आहेत, असा माणूस आमदारकीला उभा राहू शकतो का? राहू शकतो. प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांची यादी लिहायची, सही ठोकायची, झालं. नुसता खटला चालू आहे म्हणून कोणाचा अर्ज बाद होत नाही.

आता दुसरा प्रश्न. तोच माणूस अमरावतीत एखाद्या एटीएमसमोर रात्रभर उभं राहायच्या कामावर लागू शकतो का? तिथं आधी 'चारित्र्य पडताळणी आणा'. खासगी सुरक्षा एजन्सीसाठी तर २००५ पासून तसा कायदाच आहे. म्हणजे राज्याची तिजोरी सांभाळायला गुन्हा आड येत नाही, एटीएमचं शटर सांभाळायला येतो. सांगा बरं, हा कुठला न्याय?

आपल्या वऱ्हाडात गुन्हा दाखल कसा होतो, हे तुम्हाला मी काय सांगू. समजा, दर्यापूर तालुक्यातलं एक घर. धुऱ्यावरून चुलत्याशी भांडण झालं, काठ्या निघाल्या. दोन्हीकडून तक्रारी. घरातल्या प्रत्येक तरण्या पोट्ट्याचं नाव एफआयआरमध्ये, मग तो तेव्हा वावरात असो की अकोल्याला क्लासमध्ये. ३२४, ५०४, ५०६. (आता भारतीय न्याय संहितेत आकडे बदलले, भांडणं तीच आहेत.) केस सहा-सात वर्षं चालते. शेवटी गावातली चार शहाणी माणसं समजूत घालतात, साक्षीदार फिरतात, सगळे निर्दोष. पण तोवर पोलीस भरतीचं वय निघून गेलेलं असतं आणि नांदगावपेठच्या एमआयडीसीतलं काम दुसऱ्याला लागलेलं असतं. कोर्टानं शिक्षा दिली नाही. कागदानं दिली.

हे ज्यांच्याकडे शेत आहे, धुरा आहे, त्यांचं झालं. आमच्या फासेपारधी भावांचं काय? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो, हार-तुरे होतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि संशय तसाच राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तितर-बटेरांची शिकारही बंद झाली. ते योग्यच झालं, पण बदल्यात हाताला काम कोणी दिलं? आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कोणत्या बेड्यावर जाते, हे पोलिसांनाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातला जातीवरचा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका, असंही बजावलं. निकाल आला. बेड्यावर पोचला का?

कोणी म्हणेल, 'मग काय गुन्हेगारांना डोक्यावर घ्यायचं?' नाही भाऊ. लेकरांवर अत्याचार करणाऱ्याला शाळेत शिपाई ठेवा, असं कोणीच म्हणत नाही. अफरातफर केलेल्याला बँकेची कॅश देऊ नका. पण मारामारीत नाव आलेला माणूस सरकी का भरू शकत नाही? ट्रॅक्टर का चालवू शकत नाही?

आणि आधी दाखल आणि सिद्ध यातला फरक समजून घ्या. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. म्हणजे चारातले तीन असे, की ज्यांच्यावर गुन्हा शाबीतच झाला नव्हता.

ज्यांना शिक्षा झाली त्यांचंही बघा. आपल्याच जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे. जन्मठेपेच्या कैद्यावर भिंतीबाहेर शेतीकामाला सरकार विश्वास ठेवतं. तोच माणूस शिक्षा भोगून सुटला की त्याला सालदारकीही मिळू नये?

मी काही जगावेगळं मागत नाही. ब्रिटननं १९७४ मध्येच कायदा केला, ठराविक वर्षं नीट वागलं की जुनी शिक्षा बहुतेक नोकऱ्यांत सांगावी लागत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये हवाई या बेटांच्या राज्यानं नियम केला, आधी नोकरी देऊ करा, मग जुनी शिक्षा विचारा. आपल्याकडे १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला त्या शिक्षेमुळं अपात्र धरू नये. टेबलामागच्या किती साहेबांनी हे कलम १२ वाचलं आहे?

म्हणून मागण्या साध्या आहेत :

१) निर्दोष सुटलेल्याची केस पडताळणीच्या दाखल्यात येऊच नये.
२) चालू केस असेल तर 'दोष सिद्ध नाही' असं ठळक लिहावं. नोकरी नाकारली तर कारण लेखी द्यावं.
३) किरकोळ शिक्षा ठराविक वर्षांनी रेकॉर्डवरून बंद व्हावी.
४) सराईत गुन्हेगारांचा १९५९ चा कायदा रद्द व्हावा.

राजकीय आंदोलनातले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय कोणतंही सरकार आलं तरी निघतात. तिथं पुढाऱ्यांना बरोबर कळतं, की केस माणसाचं भविष्य अडवते. मग पारध्याच्या पोराला भविष्य नसते काय?

पुढच्या वेळी मत मागायला दारात आले, की एवढंच विचारा : 'साहेब, तुमच्यावर किती गुन्हे आहेत? आणि तेवढ्याच गुन्ह्यांवर माझ्या पोराला कामावर ठेवता का?'

असा कागद तुमच्या घरात कोणाला आडवा आला असेल तर नाव-गाव न लिहिता खाली सांगा. वाचतो आहे.