पोरांचा खेळ कंपनीच्या मर्जीवर सोडू नका!

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील तालमी, तरुण मंडळे, शिक्षक, पालक आणि गेम खेळणाऱ्या सर्व मुला-मुलींना जाहीर आवाहन



संध्याकाळी पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर चार पोरं बसलेली दिसतात आणि चौघांच्याही माना मोबाइलमध्ये. त्या पोरांना बोल लावण्यासाठी हे पत्रक काढलेलं नाही. मैदान पहिलं, हे फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावाला सांगायला नको. पण पोरं मोबाइलवर, कॉम्प्युटरवर खेळणारच, आणि त्यात गैर काही नाही. आमची तक्रार खेळण्याबद्दल नाही. तो खेळ कुणाच्या ताब्यात आहे, याबद्दल आहे.

आधी दुकान बघा

‘फुकट’ म्हणून मोबाइलवर आलेल्या गेममधलं दुकान एकदा पोराच्या शेजारी बसून उघडा. तिथं रुपयाला थेट काही मिळत नाही. आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे, मग हिरे देऊन पोशाख. समजा, पोशाख ५०० हिऱ्यांचा आहे आणि हिरे मिळतात ३०० किंवा ८०० च्या पाकिटात. पोरगं ८०० घेतं, ३०० उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा काहीतरी बघतं, त्याला थोडे कमी पडतात, की पुन्हा पाकीट. बाजूला ऑफर संपायचं घड्याळ पळत असतं. वर बंद पेट्या आहेतच. आत काय आहे ते पैसे भरल्यावरच कळणार.

हे सगळं ठरवून, मोजूनमापून केलेलं असतं. बेल्जियमने २०१८ साली पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. ‘फोर्टनाइट’ काढणाऱ्या एपिक गेम्सला मुलांची खासगी माहिती गोळा करणं आणि फसव्या बटणांतून नको ती खरेदी करायला लावणं, या आरोपांवरून अमेरिकेत २०२२ साली ५२ कोटी डॉलर भरायचं कबूल करावं लागलं. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले. चांगलं झालं. हिऱ्यांचं दुकान मात्र उघडंच आहे.

विकत घेतलेलंही आपलं नाही

‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम यूबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकायला काढला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पूर्ण किंमत मोजलेल्या माणसालाही तो गेम एकट्याने खेळता येईना. त्या रागातून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी केली. युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

हा राग आपल्या पेठेला कळेल. जयप्रभा या जुन्या चित्रपट स्टुडिओची जागा विकली गेल्याचं २०२२ साली उघड झालं, तेव्हा कलाकार आणि नागरिक आंदोलनाला बसले. कागदोपत्री मालक कुणीही असो, ज्या जागेवर गावाचा जीव आहे ती एका सहीने नाहीशी होऊ देणार नाही, हीच भूमिका होती ना? मग पोरांनी ज्या खेळात वर्षं घातली, त्या खेळाला हा न्याय का नको?

दुसरी वाट आहे

जगभर स्वयंसेवकांनी केलेले मुक्त गेम आहेत. ते कुणीही खेळावेत, दुसऱ्याला द्यावेत, त्यांचा प्रोग्राम उघडून बघावा, बदलावा. ‘सुपरटक्सकार्ट’मध्ये गाड्यांच्या शर्यती आहेत. ‘झीरो ए.डी.’मध्ये हत्तीदळ घेऊन लढणारे मौर्य आहेत. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ म्हणजे डोकं लावून खेळायची लढाई. डेन्मार्कच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ साली सुरू केलेला ‘फ्रीसिव्ह’ आजही खेळला जातो. करणारे बदलले तरी गेम राहिला, कारण तो बंद करायचा अधिकार कुणा एकाकडे नव्हताच.

‘लुआंटी’ बघा. ठोकळ्यांवर ठोकळे रचून जग उभं करायचं. त्यात नवी वीट घालायची तर सोळा बाय सोळा ठिपक्यांचं एक चित्र काढायचं आणि ल्युआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार-सहा ओळी लिहायच्या, एवढंच. सातवीतल्या पोरीने काळ्या दगडाचा ठोकळा करून रंकाळा तलावातला संध्यामठ उभा करावा आणि पेनड्राइव्हवर घालून मैत्रिणीला द्यावा. तिला कुणाची परवानगी लागत नाही, एक हिरा लागत नाही.

लोक काय म्हणतील?

‘चित्रं तेवढी झगझगीत नाहीत.’ बऱ्याच गेममध्ये नाहीत, खरं आहे. पण ते जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात, आणि पेठेत जुने कॉम्प्युटर माळ्यावर धूळ खात पडलेत.

‘फुकट ते टाकाऊ.’ राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याला टाकाऊ म्हणायची कुणाची छाती आहे? आणि २०२५ चं ऑस्कर जिंकलेला ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरवरच झाला.

‘सगळे मित्र तिकडंच खेळतात.’ हे मात्र सगळ्यात खरं. एकटं पोरगं तिथून उठणार नाही, आणि एकट्या पालकाने त्याला उठवूही नये. म्हणून हे आवाहन घरांपेक्षा मंडळांना जास्त आहे. अख्खी गल्ली एकदम उठली, तर मित्र सोडावे लागत नाहीत.

आमच्या मागण्या

१. तरुण मंडळांनी मे महिन्याच्या सुट्टीत चार जुने कॉम्प्युटर जमवावेत, त्यांवर लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली आणि हे गेम टाकावेत, एकमेकांना जोडावेत. इंटरनेटही लागत नाही. वेळ ठरलेली, एक मोठं माणूस हजर.

२. यंदाच्या गणेशोत्सवात ‘सुपरटक्सकार्ट’ची पेठ पातळीवर स्पर्धा घ्यावी. प्रवेश फी नको.

३. महापालिकेच्या शाळांतील संगणकांवर मुक्त गेम आणि सॉफ्टवेअर ठेवावं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. कोल्हापूर मागे का?

४. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी हे गेम मराठीत आणावेत. भाषांतराच्या फाइल सर्वांना खुल्या आहेत.

५. पालकांनी आजच मोबाइलमधील खरेदीला पासवर्ड लावावा आणि आतापर्यंतच्या खरेदीची यादी पोरासोबत बसून वाचावी. न रागावता.

तालमींनी या गावाला पैलवान दिले, फुटबॉलपटू दिले. उद्याचे गेम करणारे हातही इथूनच निघू शकतात, पण गेमचा प्रोग्राम त्या हातांना उघडून बघता आला पाहिजे. या रविवारी आपापल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय काढा. कॉम्प्युटर देणारे आणि शिकवणारे पुढे या. आम्ही सोबत आहोत.

खेळ आमचा, हक्क आमचा!

आपले,
मंगळवार पेठेतील काही पालक व संगणक शिकवणारी मंडळी

(या पत्रकाच्या हव्या तितक्या झेरॉक्स काढा आणि वाटा.)